मासा आजारी, की पाणी?

मुलांनो, या खेपेला टपालात एक पत्र असं आलं, की ठरवलेला विषय बाजूला ठेवून सगळं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. पत्र आपल्या सोलापुरातल्याच सहावीतल्या एका मित्राचं आहे. नाव छापू नका असं त्याने लिहिलंय, म्हणून छापत नाही.

वाढदिवसाला मामाने त्याला काचेची टाकी आणि चार गोल्डफिश आणून दिले. तीन महिन्यांत त्यांतले तीन मेले. पहिला मेला तेव्हा त्याला वाटलं, मासा म्हाताराच असेल. दुसरा मेला तेव्हा दुकानातून निळं औषध आणलं. तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या दादाने सांगितलं म्हणून घरात उरलेली एक कॅप्सूल फोडून पाण्यात टाकली. आता चौथा कोपऱ्यात तळाशी बसून असतो, पर मिटलेले, खायला टाकलं तरी वर येत नाही. पुढे त्याने लिहिलंय, "मी तर दर रविवारी टाकी चकाचक करतो. सगळं पाणी काढतो, खडे साबणाने घासून उन्हात वाळवतो, फिल्टर धुतो आणि नळाचं ताजं पाणी भरतो. तरी असं का होतं? आई म्हणते आता टाकी माळ्यावर टाकायची. बाई, चौथा वाचेल का?"

वाचण्याची शक्यता चांगली आहे. पण त्यासाठी आजपासून औषध बंद, आणि रविवारची ती चकाचक सफाईही बंद!

दचकलात ना? सफाईने कुणी मरतं का, असंच वाटलं असेल. चला, मग आधी टाकीच्या आत डोकावू.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच शी-शू करतो. त्याच्या शरीरात तयार होणारा अमोनिया बराचसा कल्ल्यांतूनच बाहेर पडतो. उरलेलं खाणं कुजलं तरी अमोनियाच होतो. अमोनिया म्हणजे मोठ्या माणसांना विचारा, न धुतलेल्या सार्वजनिक मुतारीत जो वास नाकात जातो, तो. पाण्यात तो थोडा असला तर आपल्याला वासही येत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. पण माशाचे कल्ले मात्र भाजल्यासारखे होतात.

तलावात आणि नदीत याचा बंदोबस्त कोण करतं? डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, आणि ते माशाला बरंच सोसतं. पाणवनस्पती तर ते खत म्हणून खाऊन टाकतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते राहतात खड्यांवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजात. नव्या टाकीत त्यांची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता आपल्या मित्राने काय केलं ते बघा. शनिवारपर्यंत बिचारे जिवाणू कसेबसे जमायचे आणि रविवारी साबण, ऊन आणि ताज्या नळाच्या पाण्याखाली सगळे खलास. पुन्हा सोमवारपासून पहिला दिवस! पहिला मासा सोमवारी मेला, असं त्याने पत्रात सहज लिहून टाकलंय. मला तरी सगळ्या पत्रात तो सोमवारच महत्त्वाचा वाटला.

ताज्या नळाच्या पाण्याची आणखी एक गंमत आहे. गंमत आपल्याला, माशाला नव्हे. आपल्यासाठी पाणी निर्धोक करायला त्यात क्लोरीन घालतात. तो जंतू मारतो म्हणून आपण आजारी पडत नाही; पण तोच क्लोरीन माशाच्या नाजूक कल्ल्यांना जाळतो आणि कामाच्या जिवाणूंनाही मारतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण कुरकुरतो. पण मासे पाळणाऱ्याला ही साठवणीची सवय कामाची आहे. उघड्या तोंडाच्या बादलीत चोवीस तास ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बहुतेक उडून जातो. झाकण घट्ट लावलेल्या पिंपातून तो तसा उडत नाही, हे लक्षात ठेवा. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारायचे थेंब मिळतात. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी थेट ओतू नका. त्याने चहा होईल, मासा जगणार नाही. बादलीतल्या आणि टाकीतल्या पाण्यात हात बुडवून बघा. दोन्हीकडे सारखं वाटलं पाहिजे.

ऊन म्हटलं की आपलं सोलापूर आलंच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उलट उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढते. शिवाय पाणी गरम आणि क्षारयुक्त असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने हंड्याला, बादलीला पांढरा थर बसतो ना, तसं पाणी. गोल्डफिश तर मुळात थंड पाण्याचा मासा. म्हणजे आपल्या मित्राच्या टाकीत तीन संकटं एकाच वेळी आली होती, आणि तो बिचारा शोधत होता रोगाचा जंतू!

तलावातही हेच घडतं बरं का. सिद्धेश्वर तलावात मासे मेल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतात, त्या तुम्ही वाचल्या असतील. दर वेळचं कारण एकच नसतं. पण शेवाळ माजलेल्या तलावात रात्री वनस्पतीही श्वास घेतात, नवा प्राणवायू तयार होत नाही, आणि पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. म्हणून पुष्कळदा मासे मेलेले दिसतात ते सकाळी. तुमच्या टाकीतले मासे पहाटेच पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर एवढं आठवा.

मात्र गुरामी आणि फायटर हे मासे वर येऊन हवेतूनही श्वास घेतात. ती त्यांची रीतच आहे. त्यांना बघून घाबरू नका.

आता खरे आजार. ते नसतातच असं मी म्हणत नाही. पण ते ओळखायचे तर आधी निरोगी मासा नीट बघितलेला असायला हवा. एक वही करा. मासा ठीक असताना घड्याळ समोर ठेवा आणि त्याच्या कल्ल्यांची झाकणं एका मिनिटात किती वेळा उघडतात ते मोजा. तीन दिवस मोजा, एकाच वेळेला. पर उघडे आहेत का, खायला टाकल्यावर किती वेळात येतो, शी कशी आहे, तेही लिहा. डॉक्टर नाडी बघतात तशी ही माशाची नाडी. पुढे एखाद्या दिवशी आकडा फार वाढलेला दिसला, की खवल्यावर काही दिसायच्या आधीच तुम्हाला कळेल.

अंगावर आणि परांवर रव्याचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, मासा खड्यांवर अंग घासू लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, म्हणजे जानेवारीत, रात्री खिडकीजवळच्या टाकीचं पाणी एकदम गार होतं तेव्हा, किंवा नवा मासा आणल्यावर आठवडाभरात तो हमखास दिसतो. करणारा जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचं वागणं एखाद्या चोरासारखं आहे. माशाच्या कातडीखाली तो घर करतो, तिथे त्याला कुठलंच औषध लागत नाही. पोट भरलं की गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कोष करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. मग ही पिल्लावळ पोहत नव्या माशाच्या शोधात निघते. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरते. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना!

म्हणून होतं काय, की दोन दिवसांत ठिपके गळतात, आपण 'बरा झाला' म्हणून औषध थांबवतो, आणि आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. अहो, ते बरे झाले नव्हते, तळाशी बाळंत होत होते! पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, गार पाण्यात कितीतरी लांबतं. त्यामुळे ठिपके गेल्यावरही उपचार आणखी आठवडाभर चालू ठेवायचा. रोज खडे नळीने शोषून तळातला कचरा काढायचा, तोच कोषांना बाहेर फेकतो.

उपचारात मी आधी मिठाला पसंती देते. जाडं मीठ, एका लिटरला १ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी आणखी तेवढंच. मगभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं घालायचं, माशावर खडे टाकायचे नाहीत. टाकीत पाणवनस्पती किंवा मिशाळ मासे असतील तर त्यांना मीठ सोसत नाही. तेव्हा आजारी मासा वेगळ्या टबात घ्या.

पण 'एका लिटरला' म्हणजे तुमच्या टाकीला किती? इथे बरेच जण अंदाजपंचे चमचा ओततात. गणिताच्या तासाला घनफळ शिकलात ते काय फक्त परीक्षेला? आपल्या मित्राची टाकी ४५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, आणि पाणी २५ सेंटिमीटरपर्यंत. गुणाकार २८,१२५ घन सेंटिमीटर, भागिले १,०००, म्हणजे २८ लिटर. खड्यांची जागा वजा केली की २५ धरा. म्हणजे २५ ग्रॅम मीठ. मुलांनो, या गुणाकारात शून्य चुकलं तर मासा जातो. पेपरात नुसता गुण जातो.

आणि २५ लिटरमध्ये चार गोल्डफिश म्हणजे एका खोलीत चार बिऱ्हाडं. नीट ठेवलेला गोल्डफिश सहज दहा वर्षं जगतो आणि वीतभर वाढतो. तेव्हा 'म्हातारा झाला असेल' हे तीन महिन्यांच्या माशाबद्दल म्हणायचं नाही. काचेच्या गोल भांड्यातला मासा सिनेमात छान दिसतो, तिथेच राहू दे.

परांच्या कडा झिजल्यासारख्या, फाटक्या, पांढुरक्या दिसल्या तर बहुधा घाण पाण्यात बळावलेले जिवाणू. किंवा शेजारचा टायगर बार्ब चावतोय. तेही बसून बघा. जखमेवर कापसासारखा पुंजका आला तर ती बुरशी, पण तशीच दिसणारी जिवाणूंची लागणही असते आणि ती तोंडाजवळ चढली तर भराभर वाढते. गोल्डफिश उलटा तरंगू लागला तर पुष्कळदा पोट गच्च झालेलं असतं. दोन दिवस उपास, मग उकडलेल्या मटाराचं साल काढून आतला दाणा किंचित कुस्करून द्या.

एक लक्षण वाईट. मासा फुगतो आणि खवले उभे राहून बाहेर येतात. वरून पाहिलं तर बार्शीचं सीताफळच. त्याची मूत्रपिंडं काम करेनाशी झालेली असतात, अंगात पाणी साठतं. असा मासा क्वचितच वाचतो. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. त्याला वेगळ्या, स्वच्छ, शांत पाण्यात ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यांना विचारा.

आता त्या कॅप्सूलबद्दल, आणि हे पालकांनीही वाचावं. घरात उरलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल टाकीत फोडू नका. रोग जिवाणूंचा आहे की परजीवीचा हे माहीत नसताना ती कशी लागू पडणार? पण स्पंजातले कामाचे जिवाणू तिने मरू शकतात, म्हणजे अमोनिया पुन्हा वाढणार. शिवाय ते पाणी आपण मोरीत ओततो. तिथून पुढे अर्धवट मात्रेतून वाचलेले जिवाणू औषधाला सरावतात, आणि तेच औषध उद्या आपल्या लेकराला लागू पडेनासं होतं. निळं औषधही, मिथिलीन ब्लू, टाकीत नको. तेही फिल्टरचे जिवाणू मारतं. बुरशीसाठी वापरायचंच तर वेगळ्या टबात, बाटलीवर लिहिलेल्या मापाने.

मोठे मत्स्यशेतकरी काय करतात ठाऊक आहे? १९८८ साली ईशान्य भारतात तळ्यांतल्या माशांच्या अंगावर लाल जखमा पडायचा भयंकर रोग आला आणि काही वर्षांत देशभर पसरला. जखमांत खोल रुतणारी बुरशीसारखी लागण. लाखो माशांना एकेकाला कोण औषध पाजणार? तेव्हा तज्ज्ञांनी सांगितलं तळ्यात चुना टाका, पाणी सुधारा. पुढे भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने 'सिफॅक्स' नावाचं औषध काढलं, तेही पाण्यातच मिसळायचं.

तर चौथ्या माशासाठी ही चिठ्ठी. दोन दिवस खाणं बंद. मासा उपाशी मरत नाही, घाबरू नकोस. रोज टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढून चोवीस तास उघडं ठेवलेलं पाणी भर, असं आठ दिवस. त्यानंतर आठवड्याला एकदा. उडालेल्या पाण्याची भर घालत राहणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. क्षार आणि घाण आतच राहतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरू नकोस, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळ. साबण कधीच नाही. पहिल्या दिवशी लिटरला १ ग्रॅम मीठ घाल, नायट्राइटपासून कल्ल्यांना आधार मिळतो. पुढे बदललेल्या पाण्यापुरतंच. हवेचा पंप दिवसरात्र चालू. वीज गेली तर मगाने पाणी उंचावरून हळूहळू टाकीत सोडत राहा, तेवढ्यानेही प्राणवायू मिसळतो. टाकी खिडकीपासून हलव. दुपारी फार तापली तर फ्रिजमधल्या पाण्याची बंद बाटली तरंगत ठेव, बर्फ टाकू नकोस. तिसऱ्या दिवसापासून दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. आणि नवा मासा दोन महिने आणायचा नाही. आणशील तेव्हा तो आधी वेगळ्या टबात तीन आठवडे राहील, मगच घरात.

आई, तुमचाही राग समजतो. दर आठवड्याला बाथरूमभर पाणी, आणि वर मुलाचं रडणं. पण आता काम कमी होणार आहे, वाढणार नाही. नळीने पाणी काढताना मात्र तो तोंडाने ओढत नाही ना, तेवढं बघा. नळी पाण्याने भरून बोटाने दाबून सोडली की प्रवाह सुरू होतो. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू देऊ नका, आणि काम झाल्यावर साबण लावायचा तो हातांना.

एक विनंती सगळ्यांनाच. टाकीचा कंटाळा आला किंवा मासा आजारी पडला म्हणून तो सिद्धेश्वर किंवा संभाजी तलावात सोडून येऊ नका. त्याचा रोग तलावातल्या माशांना लागतो, आणि तो जगला तर आणखी पंचाईत. आफ्रिकेतला चिलापी १९५२ साली भारतात आणला, आज उजनीच्या कोळ्यांच्या जाळ्यात तो ढिगाने सापडतो. काच चाटणारा सकर मासाही असाच टाक्यांतून देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पोचलाय. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, नाहीतर मित्राला.

तुमच्यापैकी कुणाचा मासा आजारी असेल तर जरूर लिहा. पण पत्रात 'छोटी टाकी' असं लिहू नका, लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. मासे किती आणि कुठले, पाणी कुठलं, शेवटचं कधी आणि किती बदललं, आणि कल्ल्यांचा मिनिटाचा आकडा. सहावीतल्या मित्रा, तुझा आकडा मला येत्या शनिवारपर्यंत हवा आहे.